सही करण्यापूर्वी

तिरुवैयारु, जि. तंजावर



तुझं पत्र आणि सोबतचा कराराचा मसुदा, दोन्ही वाचले. ज्याचा उभा जन्म न्यासांची खाती तपासण्यात गेला त्याला मसुदा पाठवलास, म्हणजे तो शेवटच्या पानापासून वाचणार हे तू धरून चालली असशीलच. गोड पेयं विकणाऱ्या एका कंपनीनं आरोग्यासाठी धर्मादाय प्रतिष्ठान काढलं आहे. ते प्रतिष्ठान मराठवाड्यातल्या गावांत मधुमेहाच्या तपासणीला पैसे देणार आणि त्या कामाची जबाबदारी तुझ्यावर येणार. पगार बरा, काम चांगलं, गावं गरजू. तरीही तुझ्या मनात काहीतरी खुपतंय, म्हणून विचारतेस, "आजोबा, सही करू की नको?"

हो किंवा नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण एका शब्दाचं उत्तर ऐकून गप्प बसणारी तू नाहीस हे तुझ्या आईकडून मला ठाऊक आहे. त्यामुळे जरा लांबून येतो. थोडा धीर धर.

तुमच्या अभ्यासक्रमात हितसंबंधांच्या संघर्षाचा धडा बहुधा अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांपासून सुरू होत असेल. आम्हा तंजावरच्या मराठ्यांच्या घरी तो दोनशे वर्षं मागे जातो, आणि त्यातली कंपनी साधीसुधी नव्हती. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहानं सरफोजीराजांचं राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख, वर्षाला एक लाख पॅगोडा, म्हणजे सोन्याची नाणी, आणि वसुलीचा पाचवा हिस्सा. आपण सवयीनं म्हणतो, राज्य इंग्रजांनी घेतलं. खरं तर ते घेतलं लंडनच्या एका व्यापारी मंडळीनं, जिचे भागधारक होते, संचालक होते, आणि जिला दरवर्षी लाभांश वाटायचा होता. हे डोळ्यांपुढे ठेवून पुढचं वाच.

तंजावरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर राजांच्या भोसले घराण्यानं वाटसरूंसाठी छत्रं बांधली होती. बहुतेकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं. निडामंगलमचं यमुनांबाछत्र, ओरत्तनाडचं मुक्तांबाछत्र. छत्र म्हणजे नुसती जेवणावळ समजू नकोस. 1801 साली सरफोजीराजांनी कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक पत्र लिहिलं, त्यात छत्रांत काय काय चालतं ते सविस्तर सांगितलं आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला शिजलेला भात मिळतो. तान्ह्या मुलांना दूध मिळतं. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी उपाशी राहिलं असेल तर त्याला बोलावतात. आजारी पडलेल्याला बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचं जेवण मिळतं. गरोदर बाई वाटेत अडली तर तिची सोय होते, पोरक्या मुलांना सांभाळून शिकवतात, विषारी दंशावर उपचार जाणणारे वैद्य ठेवलेले असतात, आणि कुणी तिथेच मेला तर त्याच्या जातीच्या रीतीनं त्याचं शेवटचं सगळं करतात. म्हणजे आजच्या भाषेत वाटसरूंचा दवाखाना, प्रसूतिगृह आणि अनाथालय, सगळं एका छपराखाली.

हा सगळा खर्च छत्राला लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून भागायचा. आणि पत्र लिहिण्याचं कारणही तेच. ज्या मुलखात ही छत्रं होती तो आता कंपनीच्या ताब्यात गेला होता. कंपनीच्या वहीत छत्राची जमीन म्हणजे वसुलीतली तूट. रेसिडेंट दुष्ट होता असं समजायचं कारण नाही. त्याची वहीच तशी आखलेली होती. घंटा वाजवून उपाशी माणसाला बोलावण्यासाठी तीत रकानाच नव्हता. छत्रं आपल्या हाती राहू द्यावीत अशी राजांनी विनवणी केली, आणि त्यांच्या हयातीत ती राहिली. 1855 साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना गेले, राज्य खालसा झालं, तेव्हा छत्रं सरकारकडे गेली आणि पुढे जिल्हा बोर्डाकडे. आज ती जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आहेत.

आता हिशेब तपासणाऱ्याचा एक शेरा. राजांचं पत्र वाचताना मन भरून येतं, पण ते अर्जदाराचं पत्र आहे, आणि अर्जदार आपली बाजू उजळ करूनच मांडतो. राज्य गेलेल्या राजाजवळ राजेपण दाखवायला अन्नदानाखेरीज फारसं काही उरलं नव्हतं. जितकी पानं उठतील तितकं त्याचं नाव. छत्राच्या शेतात राबणाऱ्या कुळांना किती मिळत होतं, हे त्या पत्रात नाही. म्हणजे राजालाही स्वार्थ होताच. बिनस्वार्थी दाता शोधायला निघालीस तर जन्मभर शोधत बसशील.

मग फरक कुठे? राजाचा स्वार्थ आणि वाटसरूचं पोट यांची तोंडं एकाच दिशेला होती. जास्त माणसं जेवली, जास्त बरी झाली, की राजाची कीर्ती वाढायची. कंपनीचा स्वार्थ उलट्या दिशेला होता. एवढी एकच गोष्ट मी तुला सांगायला बसलो आहे. देणारा माणूस चांगला की वाईट, हे विचारत बसू नकोस; ते देवालाही सांगता येत नाही. विचारायचं ते हे, की रोगी बरा झाल्यानं, किंवा मुळात माणूस आजारीच न पडल्यानं, देणाऱ्याचा फायदा होतो की तोटा?

हा प्रश्न घेऊन जगातल्या मोठ्या प्रतिष्ठानांकडे बघ. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं 2017 साली धूम्रपानमुक्त जगासाठी एक प्रतिष्ठान काढायला पैसे दिले, वर्षाला सुमारे आठ कोटी डॉलर, बारा वर्षं देऊ म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच महिन्यात जाहीर केलं की आम्ही यांच्याबरोबर काम करणार नाही. इथे विचार करायला फार वेळ लागत नाही. पण डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क प्रतिष्ठानाचं बघ. जगातल्या सर्वांत श्रीमंत प्रतिष्ठानांपैकी ते एक, मधुमेहाच्या संशोधनाला सढळ हातानं देतं, आणि इन्सुलिन विकणाऱ्या नोवो नॉर्डिस्क कंपनीची बहुसंख्य मतंही त्याच्याच हाती आहेत. रोग्याला चांगलं औषध मिळावं इथपर्यंत रोगी आणि प्रतिष्ठान दोघांची दिशा एकच. रोग होऊच नये, या कामात मात्र ती फुटते. त्यांनी काही गैर केलं असं मी म्हणत नाही. फक्त अशा ठिकाणी औषधावरच्या संशोधनाला पैसा भरपूर मिळाला आणि भाताच्या ताटाबद्दल, साखरेबद्दल, पायी चालायला रस्ता नसल्याबद्दल कुणी फार बोललं नाही, तर नवल वाटू देऊ नकोस.

गेट्स प्रतिष्ठानाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. ते काही विकत नाही. पण त्याची ठेव कशात गुंतलेली असते हे लोकांनी विचारायला घेतलं. 2007 च्या जानेवारीत लॉस एंजेलिस टाइम्सनं दाखवलं की नायजेरियात ज्या मुलांना प्रतिष्ठानाच्या पैशातून पोलिओ आणि गोवराची लस मिळते, त्याच मुलांच्या गावावर धूर सोडणाऱ्या तेल कंपन्यांत प्रतिष्ठानाची गुंतवणूक आहे. त्याच्या आदल्याच वर्षी वॉरन बफे यांनी आपल्या बर्कशायर हॅथवे कंपनीचे प्रचंड समभाग या प्रतिष्ठानाला देऊ केले होते, आणि बर्कशायर ही कोका-कोलाची फार मोठी भागधारक. 2011 साली डेव्हिड स्टकलर, संजय बसू आणि मार्टिन मॅकी यांनी प्लॉस मेडिसिनमध्ये हेच धागे उलगडले: मोठ्या आरोग्य-प्रतिष्ठानांची ठेव कुठल्या खाद्य आणि औषध कंपन्यांत आहे, आणि त्यांच्या विश्वस्तांच्या खुर्च्या आणखी कुठे कुठे आहेत. मला त्यात धक्कादायक काही वाटलं नाही. तपासनीसाला वाटत नाही. पण खातं उघडं करून दाखवल्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आता आपल्या देशात ये. हे प्रकरण तू शिकली असशील, पण मला ते माझ्या पद्धतीनं सांगू दे. 2009 साली पाथ या अमेरिकन संस्थेनं गेट्स प्रतिष्ठानाच्या पैशातून, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेला आणि राज्य सरकारांना सोबत घेऊन, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस द्यायला सुरुवात केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी ही लस. लशी मर्क आणि ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपन्यांनी फुकट दिल्या होत्या. मुली दहा ते चौदा वर्षांच्या, वीस हजारांहून जास्त, त्यातल्या पुष्कळ आदिवासी आणि वसतिगृहांत राहणाऱ्या. सात मुली दगावल्या. महिला आरोग्य संघटना खम्ममला जाऊन आल्या, आवाज उठला, आणि एप्रिल 2010 मध्ये काम थांबवलं गेलं.

चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध जोडता आला नाही. कुणी पाण्यात बुडून गेली होती, कुणी सर्पदंशानं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण या प्रकरणाचा हवाला देऊन लस वाईट आहे म्हणणारे तुला भेटतील. लस चांगली आहे. घोळ होता तो संमतीत आणि हिशेबात. आंध्रात तपासलेल्या अर्जांपैकी दोन हजारांहून जास्त अर्जांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या गृहपालांनी सह्या केल्या होत्या. आणि संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं ऑगस्ट 2013 च्या आपल्या 72 व्या अहवालात सरळ ठपका ठेवला, की हा सगळा खटाटोप सरकारी लसीकरणात त्या लशीचा शिरकाव करून उत्पादकांचा धंदा वाढवण्यासाठी होता. समितीचे शब्द फार कडक होते असं म्हणणारेही आहेत. पण एक गोष्ट कुणाला नाकारता येणार नाही: ज्या लशीची सरकारी खरेदी व्हावी असं उत्पादकाला वाटतं, ती लस फुकट देणारा उत्पादकच, आणि ती खरेदी करावी की नाही याचा सल्ला सरकारला देणारी आयसीएमआर त्याच कामात भागीदार. माझ्या तपासणीत एकाच माणसाची खरेदी आणि मंजुरी अशा दोन्ही जागी सही दिसली असती तर मी तिथेच लाल शाईची खूण केली असती, माणूस कितीही सज्जन असो.

नुकसान कुणाचं झालं? कंपन्यांचं नाही. त्या संशयामुळे एक उपयोगी लस वर्षानुवर्षं मागे पडली. सिक्कीमनं 2018 साली ती आपल्या मुलींना दिली, पंजाबनं त्याआधी काही जिल्ह्यांत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी सर्व्हाव्हॅक 2022 साली मंजूर झाली, आणि गंमत बघ, तिच्या जडणघडणीत सरकारबरोबर गेट्स प्रतिष्ठानाचाही हात होता. म्हणजे पैसा बाटलेला होता असं नाही. रीत बाटली होती.

आपल्या कायद्याला हे सगळं समजत नाही असंही नाही. बाळाच्या दुधाच्या भुकटीबद्दल 1992 च्या कायद्यानं आणि त्याच्या 2003 च्या दुरुस्तीनं उत्पादकांना डॉक्टरांना किंवा त्यांच्या संघटनांना पैसे देण्याची, त्यांच्या चर्चासत्रांचा खर्च उचलण्याची बंदी केली. कंपनी कायदा 2013 मध्ये मोठ्या कंपन्यांवर नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करायचं बंधन आलं आणि कंपन्यांच्या प्रतिष्ठानांचं पीक आलं. मग 2016 साली कंपनी मंत्रालयाला परिपत्रक काढून सांगावं लागलं की हा खर्च करताना तंबाखूविरोधी कायदा मोडू नका. साखरेच्या पाण्याबद्दल मात्र असं परिपत्रक नाही. तुझ्या मसुद्याची जागा नेमकी त्या फटीत आहे.

आता आमच्या गावाची गोष्ट, कारण ती राहिलीच. तंजावर सोडून वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी ओलांडली की तिरुवैयारु. इथे 1847 साली देह ठेवलेल्या संत-संगीतकार त्यागराजांबद्दल सगळे सांगतात की सरफोजीराजांनी त्यांना भेटी पाठवून दरबारी बोलावलं आणि ते गेले नाहीत. आख्यायिका आहे, कागद दाखव म्हणशील तर माझ्याजवळ नाही. पण मला त्यात मौज वाटते ती अशी: जे राजे छत्रांसाठी कंपनीपुढे अर्जदार होऊन उभे राहिले, तेच इथे देणारे होऊन आले आणि त्यांना नकार मिळाला. त्यागराजांचं पोट चालायचं उंछवृत्तीवर. गात गात दारोदार जायचं, प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ. आपल्या माधुकरीसारखंच. वीस घरची मूठ घेतली की कुठलंच एक घर मालक होत नाही, आणि एखादं दार बंद झालं तरी त्या दिवशी चूल पेटते.

यात गरिबीचं कौतुक नको. व्यवस्था बघ. जागतिक आरोग्य संघटनेला सदस्य देशांची ठरलेली वर्गणी असते, ती तिची माधुकरी. ती घसरत घसरत एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शाच्याही खाली गेली, आणि बाकीचा पैसा अमुक कामासाठीच म्हणून चिठ्ठी लावून येऊ लागला. मोठ्या चिठ्ठीवाल्यांत गेट्स प्रतिष्ठान सतत वरच्या ओळीत. 2022 साली देशांनी ठरवलं की 2030-31 पर्यंत वर्गणी मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यावर न्यायची. होईल की नाही बघू. वर्गणी वाढवायला हात वर करणारे ती भरताना कुठे असतात हे मी गावच्या उत्सव-समितीतही पाहिलं आहे.

दुसरी एक रीत मुंबईत दिसते. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सर दोराबजी टाटा न्यासाच्या पैशातून उघडलं. 1957 साली ते आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 साली अणुऊर्जा खात्याकडे गेलं. दात्याचं नाव दारावर राहिलं, पण रुग्णालयाचा रोजचा घास दात्याच्या मर्जीवर राहिला नाही. टाटांचे न्यासही टाटा सन्सचे सर्वांत मोठे भागधारक आहेत, तेव्हा या प्रश्नातून ते सुटलेले आहेत असं नाही. पण तिथल्या डॉक्टरांनी गुटख्याविरुद्ध, तंबाखूविरुद्ध किती मोकळेपणानं आवाज उठवला आठव. त्यासाठी त्यांना कुणा देणगीदाराला विचारायला जावं लागलं नाही.

आता तुझा मसुदा.

गोड पेयाच्या कंपनीला मधुमेहाची तपासणी का करावीशी वाटते? तपासणीत साखर सापडली तर दोष रोग्याच्या अंगाला, त्याच्या आळसाला, त्याच्या घराण्याला लागतो; बाटलीला लागत नाही. हे मी संशयी म्हातारा म्हणून लिहीत नाही. 2015 साली अमेरिकेत उघडकीला आलं की लठ्ठपणाचं खरं कारण व्यायामाचा अभाव आहे असं सांगत फिरणाऱ्या एका शास्त्रज्ञ-मंडळाला कोका-कोलाचा पैसा होता. त्याच वर्षअखेर ते मंडळ बंद पडलं. आणि 2019 साली केंब्रिजच्या सारा स्टील आणि तिच्या सहकाऱ्यांनी कोका-कोलानं विद्यापीठांशी केलेले संशोधन-करार मिळवून वाचले. त्यांत निष्कर्ष छापण्यापूर्वी कंपनीला दाखवायची कलमं होती, आणि कारण न देता काम मधेच थांबवण्याचा हक्कही कंपनीकडे होता. म्हणजे नको ते निघायला लागलं की दिवा मालवायची सोय आधीच करून ठेवलेली.

तुझ्या मसुद्याचं अकरावं कलम वाच. तपासणीची आकडेवारी प्रतिष्ठानाच्या मालकीची राहील, आणि ती प्रसिद्ध करायला त्यांची पूर्वलेखी परवानगी लागेल. चौदावं कलम म्हणतं की काम करणाऱ्यांनी प्रतिष्ठानाच्या किंवा त्याच्याशी संलग्न कंपनीच्या लौकिकाला बाधा येईल असं काही बोलू नये. ही दोन कलमं एकत्र वाचली की अर्थ असा: गावातल्या बाईला तू साखर किती आहे ते सांगशील, पण पोराला रोज ती बाटली देऊ नको असं सांगताना तुला वकिलाचा विचार करावा लागेल. सभ्य माणसांनी सभ्य भाषेत लिहिलेला हा मसुदा आहे. लिहिणाऱ्याच्या मनात कपट असेलच असं नाही. पण दिशा तीच आहे, 1801 सालच्या वहीची.

म्हणून माझं मत हे: काम नाकारू नकोस. मराठवाड्यातल्या त्या गावांत तपासणी व्हायलाच हवी, आणि कंपनीचा पैसा तिथे पोचला तर मला आनंदच आहे. पण अकरावं कलम बदलून घे. आकडेवारी गावाची आणि सरकारी आरोग्य केंद्राची असेल, ती तू केव्हाही, कुणालाही न विचारता छापशील, असं त्यात स्पष्ट लिहून घे. चौदावं कलम पूर्ण काढायला लाव. तपासणीच्या पत्रकावर कंपनीचं चिन्ह नसेल आणि गोड पेयांबद्दलचा सल्ला त्यात असेल, हेही लिहून घे. पहिल्या वर्षाचे पैसे आधी आरोग्य केंद्राच्या खात्यात जमा होऊ देत, म्हणजे मधेच काम थांबवायची भाषा कुणी केली तरी वर्षभर तुझी माणसं रस्त्यावर येणार नाहीत. तोंडी आश्वासन मिळालं तर आभार मान आणि तेच कागदावर मागून घे.

ते हसतील, म्हणतील, या अटी कुणी घालत नाही. तू शांतपणे म्हण, आमच्याकडे घालतात. मान्य झाल्या तर सही कर आणि मला कळव. न झाल्या तर मसुदा परत पाठव, आणि तो परत पाठवताना कारण लेखी दे. तुझ्यानंतर ज्या मुलीला तो पाठवतील तिच्या ते उपयोगी पडेल.

तुझा
आजोबा